घडीच्या चाकूचं लॉक: कुठलं दणकट, कुठलं सेफ आणि घरच्या घरी चेक कसं करायचं

माझ्या उजव्या हाताला अंगठ्याशेजारच्या बोटावर आतल्या बाजूने तीन टाक्यांची खूण आहे. तुर्भ्याच्या गोडाऊनमध्ये एका निळ्या प्लास्टिक ड्रमचं सील निघेना म्हणून चाकूचं टोक आत खुपसून पिळलं आणि लॉक सुटून पातं सरळ बोटावर मिटलं. चाकू स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरनं घेतलेला, काळा, दिसायला एकदम कमांडो टाईप, आणि विकणारा म्हणाला होता "लॉकवाला है, कुछ नहीं होगा". घरी आल्यावर आईने बँडेज बघितलं आणि एवढंच म्हणाली, चाळीस वर्षं घडीच्या विळीवर बसतेय, तिला ना लॉक ना फिक, मला नाही कधी टाका पडला.

तेव्हा डोकं फिरलं होतं, पण नंतर विचार केला तर लॉकबद्दल जे समजून घ्यायचं असतं त्यातलं अर्धं तिच्या विळीतच होतं. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

आधी जोर कुठून येतो ते समजून घ्या

घडीची विळी उघडी असताना तिच्या पात्याची धार आपल्याकडे असते. भाजी आपण धारेवर पुढे ढकलतो, म्हणजे पात्यावर येणारा जोर त्याला आणखी उघडायला बघतो, मिटायला नाही. खाली बुडाशी टेकण असते त्यावर पातं दाबून बसतं आणि संपलं, जितकं जोरात कापाल तितकं ते घट्ट उभं राहतं. घडीच्या चाकूचं पण डिट्टो असंच आहे. सफरचंद कापा, सुतळी कापा, पुठ्ठा कापा, धारेवर येणारा जोर पात्याला उघडंच ठेवतो आणि लॉकवर जवळपास काहीच येत नाही, म्हणूनच बिनलॉकचे चाकू शेकडो वर्षं जगभर खिशात फिरले.

गडबड होते जेव्हा जोर पात्याच्या पाठीवर येतो. टोक खुपसून भोक पाडताना हात घसरला की येतो, लाकडात किंवा जाड पुठ्ठ्यात अडकलेलं पातं हलवून हलवून बाहेर काढताना येतो (ह्यात सगळ्यात जास्त लोकांची बोटं कापतात असं माझं मत), पात्याची पाठ कुठे आपटली की येतो, आणि मी केलं तसं पिळलं की येतो, वर त्यात लॉक बाजूला सरकायचा चान्स पण असतो. लॉक आहे ते ह्या चार प्रसंगांसाठी.

आता एक छोटा हिशोब करा. समजा पातं पिव्होटपासून (ज्या पिनवर ते फिरतं तिथपासून) टोकापर्यंत ८० मिलिमीटर आहे, आणि लॉक जिथे पात्याच्या बुडाला, म्हणजे मुठीतल्या टोकाला, टेकतं ती जागा पिव्होटपासून ८ मिलिमीटरवर. म्हणजे टोकाच्या पाठीवर नुसते ५ किलो पडले तरी लॉकच्या त्या नखाएवढ्या जागेवर ५० किलो येतात. पहारीचं गणित आहे, फक्त ह्यात पहार आपल्या विरोधात वापरली जाते. म्हणून जाड पातं, मोठी मूठ, "टॅक्टिकल" नाव ह्याला काही अर्थ नाही, तो जो पाच-सहा मिलिमीटरचा टेकू आहे तो कसा बनवलाय त्यावर सगळं आहे.

आता लॉकचे प्रकार, आणि प्रत्येकाचं कुठे दुखतं

बिनलॉकवाला चाकू, ज्याला स्लिपजॉइंट म्हणतात, त्यापासून धरू. नेहमीचा लाल स्विस चाकू, व्हिक्टोरिनॉक्सचा ९१ मिलिमीटरवाला, तो हाच. पाठीला कडक स्प्रिंग असते ती पात्याला उघडं किंवा बंद दाबून ठेवते, पण अडवत नाही, पाठीवर जोर आला की मिटणारच. ह्याची एक गंमत म्हणजे ह्याच्यावर कोणी विश्वासच ठेवत नाही, त्यामुळे माणूस आपोआप जपून वापरतो. त्याच कंपनीच्या मोठ्या १११ मिलिमीटरवाल्यांना लॉक असतं, त्यामुळे घेताना साईज विचारा, दोघंही लाल रंगात मिळतात.

जपानचा हिगोनोकामी नावाचा चाकू तर अजून साधा, त्याला स्प्रिंग पण नाही, मागे एक शेपटी असते ती अंगठ्याने दाबून धरायची, अंगठा हेच लॉक. बघायला भारी, कामाला मी देणार नाही.

ओपिनेलची कडी मला मनापासून आवडते. फ्रान्समधल्या साव्वा (Savoie) नावाच्या डोंगरी भागातला, लाकडी मुठीचा चाकू, १८९० पासूनचा. मुठीच्या तोंडाशी स्टीलची रिंग असते, तिला एक खाच. खाच पात्यासमोर आणली की पातं उघडतं, मग रिंग फिरवली की पात्याच्या बुडाखाली सलग धातू येतो आणि रस्ताच बंद. ही रिंग आली १९५५ ला, आणि २००० पासून ती चाकू बंद असतानाही लागते, म्हणजे खिशात किंवा लहान पोरांच्या हातात तो आपोआप उघडत नाही. ह्यात सरकणारं नाजूक असं काहीच नाही, म्हणून जोर चांगला झेलते. प्रॉब्लेम एकच आणि तो चाकूत नाही आपल्यात आहे, रिंग फिरवायला विसरलात तर लॉकच नाही. आणि उघडायला दोन हात लागतात, म्हणजे शिडीवर उभं राहून एका हाताने दोरी धरलीय तर हा उपयोगाचा नाही.

लॉकबॅक म्हणजे पाठीवर मागच्या बाजूला दाबायचं असतं तो. अमेरिकेतल्या बक कंपनीचा ११० नंबरचा चाकू १९६४ साली आला आणि त्याच्यामुळे हा प्रकार घराघरात गेला. आत एक लांब दांडी सी-सॉसारखी मध्यावर अडकवलेली असते, पुढच्या टोकाला दात, तो पात्याच्या बुडातल्या खाचेत पडतो, मागच्या टोकाला स्प्रिंग. दात खाचेत पूर्ण बसला तर हे लॉक दमदार आहे, हाताने घट्ट पकडल्याने किंवा पिळण्याने सहसा सुटत नाही, कारण सुटायला दात वरच्या दिशेने उचलावा लागतो. ह्याचा शत्रू म्हणजे खाचेतला कचरा. खिशातला धाग्यांचा गोळा, वाळू, आंब्याचा रस वाळलेला, काहीही आत गेलं की दात अर्धाच पडतो आणि आपल्याला वाटतं लॉक झालं. शिवाय नवा असतानाही टोकाला थोडी वरखाली हालचाल लागते बऱ्याच लॉकबॅकना, कारण वर सांगितलं तेच, बुडाशी केसाएवढी फट म्हणजे टोकाला दहापट. थोडी असेल तर घाबरू नका, वाढत गेली तर घाबरा.

ह्याचंच सुधारलेलं रूप कोल्ड स्टील कंपनीचं ट्राय-अॅड लॉक, अँड्र्यू डेम्को नावाच्या माणसाचं डिझाईन. ह्यात पात्याचं बूड आणि लॉकची दांडी ह्यांच्या मधे एक जाड पिन घातलीय, जोर आला की तो दांडीच्या बारीक खिळ्यावर न जाता त्या पिनवर जातो आणि पिनमधनं मुठीत. दांडीचं भोक पण मुद्दाम थोडं लांबट ठेवलेलं, म्हणजे झिजलं तरी दांडी सरकून परत घट्ट बसते. नुसती ताकद विचाराल तर घडीच्या चाकवांत मी हेच नाव पहिलं घेईन. पण मिटवायला कडक, नवीन माणसाचा अंगठा दुखतो आणि मग तो दोन्ही हातांनी झटापट करतो, ती झटापट पण धोकाच की.

आता लायनर लॉक, ज्याने मला टाके दिले. मुठीच्या आत दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पट्ट्या असतात, त्यातली एक मधोमध कापून आत वाकवलेली असते. पातं उघडलं की ती पट्टी टुणकन सरकून पात्याच्या बुडाखाली येते, भिंतीला टेकू लावतो तशी. कल्पना जुनी, १९०६ सालचं अमेरिकन पेटंट आहे आणि इलेक्ट्रिशियन लोकांच्या चाकवांत ती वापरली जायची, पण आजचं रूप दिलं मायकेल वॉकर ह्या कारागिराने १९८० च्या आसपास. एका हाताने उघडतो, एका हाताने मिटतो, बनवायला स्वस्त, म्हणून बाजारात सगळीकडे हाच.

ह्यातली मेख कळली पाहिजे. पात्याचं बूड तिरकं घासलेलं असतं, साधारण ७ ते १० अंश. पट्टी त्या उतारावर पाचरीसारखी बसते. हा उतार नीट असला तर पट्टी घट्ट बसते आणि झिजली तरी थोडी पुढे सरकून परत बसते. उतार जास्त झाला तर पाठीवर जोर आला की पट्टी त्याच उतारावरून बाहेर घसरते, आणि कमी झाला तर चिकटून बसते, सुटता सुटत नाही. म्हणजे एखाद-दोन अंशाच्या घासाईवर तुमचं बोट. चांगली कंपनी हे जपते, फुटपाथचा माल कोण बघतंय. वरून पट्टी जर वहीच्या पुठ्ठ्यासारखी पातळ असेल तर जोराखाली ती मधेच वाकते. आणि तिसरी गोष्ट, मुठीत खाच असते जिथनं आपण पट्टी दाबतो, घट्ट मूठ आवळली की बोटाचं मांस त्या खाचेत शिरतं आणि पट्टी हळूच ढकलली जाते, पिळताना तर नक्की. माझ्या ड्रमवाल्या प्रकरणात हेच झालं होतं, नंतर चाकू उघडून बघितला तर पट्टी बुडाच्या फक्त कडेला टेकत होती, नखाच्या जाडीइतकी पण नाही.

फ्रेम लॉक हा त्याचाच दांडगा भाऊ. पातळ पट्टीच्या ऐवजी मुठीची अख्खी एक बाजूच कापून लॉक केलेली. ख्रिस रीव्ह ह्या साऊथ आफ्रिकन कारागिराने १९८७ च्या सुमारास काढलं. पकडताना आपली बोटं लॉकला आतच दाबतात, म्हणजे मूठ आवळली की लॉक अजून घट्ट, लायनरच्या बरोब्बर उलट. बरेचसे टायटॅनियमचे असतात आणि टायटॅनियम स्टीलवर घासलं की चिकटतं, म्हणून चांगल्या चाकवांत टोकाला स्टीलचा छोटा तुकडा लावलेला असतो, तो आहे का बघा. डावखुऱ्यांनी मात्र हातात घेऊनच घ्या, कारण उजव्यांसाठी बनवलेल्या चाकूत लॉकची बाजू त्यांच्या हातात उलटी येते.

क्रॉसबार, म्हणजे बेंचमेड कंपनीचं अॅक्सिस लॉक, १९९८ ला ७१० नंबरच्या चाकूत आलं, मॅकहेन्री आणि विल्यम्स ह्या जोडीचं काम. मुठीच्या आरपार एक आडवी स्टीलची कांडी असते, दोन्ही बाजूंनी बारीक स्प्रिंगा तिला पुढे ढकलतात आणि ती पात्याच्या बुडावर पाचरीसारखी बसते. पेटंट संपल्यावर सगळ्यांनीच बनवायला घेतलं आणि आता परवडणाऱ्या चाकवांत पण मिळतं. मला हे आवडतं ते ताकदीपेक्षा दुसऱ्याच कारणाने, मिटवताना कांडी दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून मागे ओढायची, पातं आपोआप पडतं, बोट पात्याच्या वाटेत येतच नाही. डाव्या हातालाही तेच. कमजोरी त्या केसासारख्या स्प्रिंगांची, त्या तुटू शकतात, एक तुटली तर दुसरीवर चालतं पण कांडी तिरकी बसायला लागते, तेव्हा वापरणं बंद.

स्पायडर्को कंपनीचं कॉम्प्रेशन लॉक दिसायला लायनर लॉक उलटं लावल्यासारखं, पट्टी पाठीच्या बाजूला, आणि ती पात्याचं बूड आणि स्टॉप पिन (उघडलेलं पातं जिला अडून थांबतं ती) ह्यांच्या मधे चिमटली जाते. म्हणजे जोर पट्टीच्या लांबीवर न जाता तिच्या जाडीत दाबला जातो, वाकायचा प्रश्नच कमी. बोटं इथेही वाटेबाहेर. महाग आहे, एवढंच. बटण लॉक, म्हणजे गोल बटण दाबलं की पातं मोकळं, वापरायला गोड पण बटणाचा दांडा झिजला की वरखाली खडखड सुरू होते, पार्सल उघडायला ठीक.

हातातला चाकू चेक करायची पद्धत

प्रकार कळला म्हणजे काम झालं असं नाही, एकाच मॉडेलचे दोन चाकू वेगळे वागतात. दुकानात किंवा पार्सल आल्या आल्या हे करा, क्रमानेच करा, दहा मिनिटं लागतात.

पहिलं, पातं बंद ठेवून चाकूची पातं बाहेर येतं ती फट खाली करून हलवा, जरा जोरात, खाली पाय नकोत. पातं बाहेर डोकावलं तर खिशात ठेवायच्या लायकीचा नाही. लॉकच्या नादात हे लोक विसरतात, पण खिशात हात घातल्यावर उघडं पातं लागणं हा पण अपघातच.

दुसरं, धारेवर जाड पुठ्ठा दुमडून लावा आणि वरून चिकटपट्टी गुंडाळा, दोन-तीन वेढे. ह्यापुढचं सगळं असंच करायचं, उघड्या धारेने एकही टेस्ट नाही.

तिसरं, पातं अगदी हळू उघडा, झटका न देता (पुठ्ठ्यामुळे ते पूर्ण मिटणार नाही, जेवढं मिटेल तेवढंच मिटवून उघडायचं). लॉक स्वतःहून पूर्ण बसलं का? मग आठ-दहा वेळा नेहमीसारखं उघडा आणि दर वेळी लॉक कुठे थांबतं ते बघा. लायनर किंवा फ्रेम असेल तर मुठीच्या तोंडाकडून उजेडात बघायचं, पट्टीची निम्म्याच्या आसपास रुंदी पात्याच्या बुडाखाली यायला हवी. फक्त कडेला टेकतेय तर परत करा. पार पलीकडच्या पट्टीला जाऊन भिडलीय तर ती झिजलेली किंवा चुकीची घासलेली, तिला पुढे सरकायला जागाच उरली नाही, ती पण परत. हळू उघडल्यावर एक जागा आणि झटक्याने उघडल्यावर दुसरीच, असं असेल तर माझा त्या चाकूवरचा विश्वास उडतो.

इथे एक युक्ती आहे जी मला एमआयडीसीत टूलरूममध्ये काम करणाऱ्या मामाने शिकवली. काळ्या परमनंट मार्करने पात्याच्या बुडावर लॉक जिथे टेकतं ती जागा रंगवा, सुकू द्या, दहा वेळा उघडमीट करा. मग बघा शाई कुठे खरवडली गेली. छान रुंद पट्टा पुसला गेला असेल तर लॉक अख्ख्या अंगाने टेकतंय. एखादा ठिपका किंवा कोपऱ्यातली एक रेघ पुसली गेली असेल तर सगळा जोर त्या ठिपक्यावर चाललाय, लवकरच झिजणार. माझ्या त्या फुटपाथवाल्यावर नंतर हे करून बघितलं, एका कोपऱ्यात तिळाएवढा डाग पुसला गेला होता, बाकी शाई तशीच चकचकीत. मामा बघून म्हणाला, "अरे हा उभा होता हेच नशीब तुझं." थोडं स्पिरिट लावलं की शाई निघते.

चौथं, एका हाताने मूठ, दुसऱ्याने पुठ्ठ्यातलं पातं धरून आडवं हलवा. आडवी हालचाल असेल तर बहुतेक पिव्होटचा स्क्रू ढिला, तो थोडा आवळला की जाते, ती लॉकची तक्रार नाही. मग वरखाली हलवा. वरखाली हालचाल ही लॉकची तक्रार, स्क्रूने जाणार नाही. लॉकबॅकला किंचित चालते, बाकीच्यांना नाही.

पाचवं, दाब. मूठ अशी धरायची की चारही बोटं पातं मिटायच्या वाटेबाहेर राहतील, म्हणजे मुठीच्या दोन्ही अंगांना चिमट्यासारखी, खालून वेढा घालायचा नाही. पात्याची पाठ जाड लाकडी पाटावर टेकवा आणि हळूहळू दाब वाढवत जा, भाकरी थापताना सुरुवातीला जेवढा हात पडतो तेवढ्यापासून सुरू करून मग अंगाचं थोडं वजन, बस. लॉक हललं, कुरकुरलं, पट्टी सरकताना दिसली तर उत्तर मिळालं. मग तसाच दाब ठेवून मूठ किंचित डावीउजवीकडे पिळा, आणि नंतर नेहमीच्या पकडीत (पुठ्ठा आहेच) मूठ घट्ट आवळून बघा पट्टी सरकते का.

काही लोक पाठ टेबलावर थाडथाड आपटून टेस्ट करतात आणि त्याचे व्हिडिओ टाकतात. मी करत नाही आणि कोणाला सांगत नाही. धक्क्याने लॉकची पट्टी जडत्वाने क्षणभर उडते आणि दाबात मस्त टिकणारा चाकू पण कधी कधी मिटतो, उलट आपटून आपटून चांगल्या लॉकची कड आणि पिव्होट खराब होतो ते वेगळंच. ज्या कामात चाकवाची पाठ आपटणार आहे त्या कामाला घडीचा चाकू नेऊच नका, लाकूड फोडायला कोयता आहे आपल्याकडे.

मिटवताना

माझ्या ओळखीत जेवढ्यांची बोटं कापली त्यातले निम्मे तरी लॉक तुटून नाही, मिटवताना कापले. लायनर आणि फ्रेममध्ये पट्टी दाबणारा अंगठा पात्याच्या वाटेत असतो, म्हणून पट्टी सरकवा, पातं अगदी थोडं आत आणा की पट्टी परत बसणार नाही, तिथे थांबा, अंगठा काढा आणि मग बाकीचं मिटवा. एका दमात "टक" करून मिटवायची स्टाईल रील्ससाठी ठेवा. लॉकबॅकला सुरुवातीला दोन हात वापरा, मागचं बटण एका हाताने दाबून पातं दुसऱ्या हाताने पाठीवर धरून. एका हाताने करायचंच असेल तर पात्याच्या बुडाशी धार नसलेला सपाट भाग बोटावर येतो का ते आधी पुठ्ठा लावलेल्या पात्यावर बघा, काहींना असतो काहींना नसतो.

हात ओला किंवा चिकट असेल तर मिटवूच नका. फणसाचा चीक लागलेल्या हाताने मिटवायला गेलो आणि अंगठा पट्टीवरनं घसरला, तेव्हा वाचलो. तेल चोळून चीक काढा, मग तेल पुसा, मग चाकू.

आपल्याकडचा पाऊस आणि खाडीची हवा

घणसोली, ऐरोली, कळवा, खाडीच्या काठाने राहणाऱ्यांना सांगायला नको, जूनमध्ये कडी-कोयंडे पण गंजतात. चाकूत गंज पहिला दिसतो तो पात्यावर नाही, आत पिव्होटशी आणि स्प्रिंगवर, आणि तिथे गंज म्हणजे लॉक अर्धवट बसणं. डी२ स्टीलचे चाकू हल्ली स्वस्तात मिळतात आणि धार मस्त धरतात, पण ते पूर्ण स्टेनलेस नाही, पावसात खिशात ठेवलात तर ठिपके पडतात. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकून जुन्या टूथब्रशने लॉकची खाच आणि पट्टीमागची जागा घासा, स्वच्छ पाण्याने धुवा, पंख्याखाली पूर्ण सुकवा आणि पिव्होटला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. लॉक जिथे टेकतं त्या तोंडावर तेल नको, ते पुसून कोरडं ठेवा, पाचर कोरडीच चांगली धरते. खोबरेल तेल घालू नका प्लीज, ते घट्ट होऊन सगळा धुरळा धरून ठेवतं, मी केलंय.

ओपिनेलची मूठ बीच लाकडाची, पावसाळ्यात फुगते आणि पातं आत असं अडकतं की नखाने निघत नाही. त्याला तिकडच्याच लोकांची ट्रिक आहे, रिंग उघडी ठेवून मुठीचं मागचं टोक टेबलाच्या कडेवर टक्कन आपटायचं, पातं थोडं बाहेर येतं. जुलैमध्ये माझ्या टेबलावर ह्याच्या खुणा आहेत.

खिशात घेऊन फिरण्याआधी

हा भाग कंटाळवाणा आहे पण वाचा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रात मोजले जातात, घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेले सोडून. आपले घडीचे चाकू ह्यापेक्षा फारच लहान. पण तेवढ्यावर खुश होऊ नका, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली ठाणे आणि नवी मुंबईचे पोलीस आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढतात, सण, निवडणूक, मोर्चा असलं काही असलं की, आणि त्यात सार्वजनिक ठिकाणी चाकू बाळगणं पण येतं, तिथे इंच बघत नाहीत. मी चाकू कामाच्या बॅगेत टूलकिटच्या पाऊचमध्ये ठेवतो, कमरेला क्लिप लावून लोकलमध्ये शायनिंग मारत नाही.

आणि येऊरला जाणाऱ्यांसाठी खास. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, आणि वन्यजीव कायदा १९७२ मध्ये शस्त्राची जी व्याख्या आहे त्यात चाकू हा शब्द लिहिलेलाच आहे, परवानगीशिवाय शस्त्र घेऊन आत जाता येत नाही. कर्नाळा अभयारण्याला पण तेच लागू. काकडी-टोमॅटो घरूनच चिरून डब्यात न्या.

मग घ्यायचा कुठला

घरी फळं, पाकिटं, कधी ट्रेकला सँडविच, एवढंच असेल तर ओपिनेल ८ नंबर, पातं साडेआठ सेंटीमीटर, आणि रिंग फिरवायची सवय पहिल्या दिवसापासून. पावसाळ्याची कटकट नको असेल तर त्यातला स्टेनलेस पात्याचा. गोडाऊन, पॅकिंग, केबल, दिवसातून पन्नास वेळा उघडमीट, त्याला क्रॉसबार. दोर, जाड रबर, बोटीवरचं किंवा शेतावरचं रांगडं काम, त्याला चांगल्या कंपनीचा लॉकबॅक किंवा ट्राय-अॅड, फक्त खाच साफ ठेवा. लायनर लॉक घेऊच नका असं मी म्हणणार नाही, माझ्याकडे अजून एक आहे आणि तो चांगला आहे, पण मार्करची टेस्ट पास झाल्याशिवाय नाही. आणि नुसते खोकेच उघडायचे असतील तर खरं सांगू का, स्टेशनरीच्या दुकानातला सरकत्या पात्याचा कटर घ्या, आमचे हमाल दादा तोच वापरतात आणि माझ्या चाकवांच्या डब्याकडे बघून हसतात.

आईला ओपिनेल दाखवला होता. तिने रिंग दोनदा फिरवून बघितली, एक पेरू कापला आणि परत दिला. म्हणाली चांगलाय, पण ह्याच्यावर नारळ कुठे खवायचा.